आधी जागा, मग लेन्स

मुलगी बॅडमिंटन आणि बास्केटबॉल खेळते, अधूनमधून फुटबॉलही. एक जुनी मैत्रीण हौशी नाटकं बसवते. दोघींनाही फोटो हवे असतात आणि दोघींनाही ते फुकट हवे असतात, म्हणून कॅमेरा घेऊन मी दोन्हीकडे हजर. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे दीडपट क्रॉपचा डीएसएलआर (सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, म्हणून लेन्स दीडपट लांब असल्यासारखी वागते). त्याच्यासोबत आलेली टेलीफोटो म्हणजे ५५-२०० मिमी, एफ/४-५.६. उन्हातल्या मैदानावर त्या लेन्सने मला कधी दगा दिला नाही. बंद हॉलमध्ये आणि नाट्यगृहात मात्र ती हात टेकायची. झूम पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर अडकायचं (हा आकडा जितका लहान, तितकं प्रकाशाचं भोक मोठं), आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० केला तरी शटर स्पीड १/१२५ च्या वर सरकायचा नाही, आणि १/१२५ ला स्मॅश मारणारीचा चेहरा जेमतेम ओळखू येतो. हात आणि रॅकेट तर विरघळूनच जातात.

नवी लेन्स घ्यायची हे ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न होता की कमी नेमकं काय पडतंय. १/१२५ वरून १/५०० वर जायचं तर दोन स्टॉप हवेत, म्हणजे चौपट प्रकाश. एफ/५.६ वरून एफ/४ हा एक स्टॉप, एफ/४ वरून एफ/२.८ हा दुसरा. आयएसओ वाढवून मिळणारा प्रकाश मी आधीच खर्च केला होता. त्यामुळे हॉलपुरता हिशेब कागदावर दोन मिनिटांत संपला: एफ/२.८ किंवा त्याहून मोठं अ‍ॅपर्चर. १/५०० तरी पुरेल का, हेही मांडून पाहिलं. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्या वेळात १४ मिलिमीटर पुढे सरकतो. २.२ मीटर उंचीचं दृश्य ४००० पिक्सेलमध्ये बसवलं असेल, तर ती सरक साधारण २५ पिक्सेलची होते. छोट्या छपाईत ती दिसत नाही, मोठ्या छपाईत दिसते, आणि हात-पाय तर धडापेक्षा कितीतरी वेगाने हलतात. म्हणजे १/५०० हे ध्येय नव्हे, किमान भाडं आहे. १/१००० मिळालं तर उत्तमच.

मिलिमीटरचा, म्हणजे फोकल लेंथचा प्रश्न मात्र इतका सरळ नव्हता (मिलिमीटर जितके जास्त, तितकं लांबचं मोठं दिसतं). त्यासाठी मी माझेच जुने फोटो बाहेर काढले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथची नोंद असते, आणि फोटो लावून ठेवायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदीनुसार गाळणी लावता येते. मी फक्त आवडलेले, म्हणजे कुणाला तरी पाठवलेले फोटो घेतले आणि खेळांनुसार वेगळे केले. बॅडमिंटनचे बहुतेक ७० ते १२० मिमीच्या दरम्यान निघाले. बास्केटबॉलचे त्याहून कमी, बरेचसे ५५ वरच. नाटकाचे १०० ते १५०. फुटबॉलचे जवळजवळ सगळे २०० वर, आणि तेही नंतर कापून निम्मे केलेले.

या आकड्यांमध्ये एक फसवी जागा आहे. लेन्सच्या दोन्ही टोकांना जी गर्दी दिसते, तिचा अर्थ ‘मला हीच फोकल लेंथ लागते’ असा होत नाही. फुटबॉलला २०० वर ढीग साचला, कारण पुढे जायला जागाच नव्हती. बास्केटबॉलला ५५ वर साचला, कारण त्याच्या मागे यायला जागा नव्हती. खरी माहिती मधल्या आकड्यांत असते, जिथे लेन्स अडवत नव्हती आणि बोट आपोआप थांबलं होतं.

टोकांसाठी मग साधं गणित केलं. सेन्सरची उंची गुणिले अंतर, भागिले जेवढं दृश्य फ्रेममध्ये हवं त्याची उंची, की फोकल लेंथ मिळते. माझ्या सेन्सरची उंची साधारण १६ मिमी. उडी मारणारा खेळाडू डोक्यावरच्या थोड्या जागेसह धरला तर २.२ मीटर. १० मीटरवरून आडव्या फ्रेमला ७३ मिमी लागतात, १५ मीटरवरून १०९, ४० मीटरवरून २९०. कॅमेरा उभा धरला तर १६ च्या जागी २४ घ्यायचे. म्हणजे १५ मीटरवरच १६४ मिमी. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर आडव्यासाठी २४ आणि उभ्यासाठी ३६. नाटकात पूर्ण माणूस क्वचितच हवा असतो, कंबरेपासून वरचा हवा असतो, साधारण एक मीटर. ८ मीटरवरून त्याला १२८ मिमी लागतात, १२ मीटरवरून १९२. मागच्या रांगांतून २० मीटरवरून तेच ३२० होतात.

हे कोष्टक हातात आलं आणि लेन्सचा शोध आठवडाभर बाजूला पडला. कारण त्यातली ठरवणारी गोष्ट लेन्स नव्हतीच, अंतर होतं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब असतं. बाजूच्या बाकावर बसलं काय आणि गॅलरीत बसलं काय, लेन्सच बदलते. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब. बेसलाइनमागे बसलं तर जवळच्या बास्केटखालचा सगळा खेळ दहा मीटरच्या आत. फुटबॉलचं मोठं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं. तिथे कोणतीही एक लेन्स सगळं मैदान देऊ शकत नाही, हे मान्य करण्यातच शहाणपण. म्हणून लेन्स बघण्याआधी मी जागा मागत फिरले. प्रशिक्षकांना विचारलं की बेसलाइनच्या मागे बसू का. त्यांच्या दोनच अटी होत्या: फ्लॅश नको, आणि बॅग कोर्टाजवळ नको. मैत्रिणीला विचारलं की प्रयोगाऐवजी रंगीत तालमीला येऊ का. ती म्हणाली, ‘‘अगं येच. प्रयोगाला तुझा तो खटक् खटक् आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो.’’

रंगीत तालीम हा हौशी छायाचित्रकाराला मिळणारा सगळ्यात मोठा फायदा आहे. वेशभूषा, रंगभूषा, प्रकाशयोजना सगळं प्रयोगासारखंच. प्रेक्षागृह रिकामं, म्हणून उठून जागा बदलता येते. पहिल्या अंकाला मधल्या वाटेत, दुसऱ्याला डाव्या कोपऱ्यात. अगदी पुढच्या रांगेत मात्र बसू नये. रंगमंच उंच असतो, खालून वर बघताना नाकपुड्या आणि हनुवट्या येतात. चौथी ते सातवी रांग, जिथे कॅमेरा नटांच्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीला येतो, ती मला योग्य वाटते. म्हणजे आठ-दहा मीटर. म्हणजे १३० ते १६० मिमी. २०० पर्यंतची लेन्स मला पुरते हे इथे नक्की झालं, आणि १५०-६०० सारख्या लेन्स यादीतून निघाल्या. त्या बहुधा एफ/५-६.३ च्या असतात. पक्ष्यांसाठी आणि उन्हातल्या मैदानासाठी छान, पण नाट्यगृहात त्यांना घेऊन जाणं म्हणजे आहे त्याहून अंधारात बसणं.

आता वजन. मोठं अ‍ॅपर्चर आणि लांब फोकल लेंथ एकत्र मागितली की लेन्स जाडजूड होणारच, त्यातून सुटका नाही. एफ हा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले प्रकाशाच्या वाटेचा व्यास. २०० ला २.८ ने भागा: ७१ मिमी. म्हणून या लेन्सवर बहुतेकदा ७७ मिमीचा फिल्टर लागतो. एफ/४ ला तोच व्यास ५० मिमी. ३०० मिमी एफ/२.८ ला १०७. कॅननच्या जुन्या ईएफ मालिकेतली ७०-२०० एफ/४ एल आयएस ७६० ग्रॅमची होती आणि २०१० ची एफ/२.८ एल आयएस टू १,४९० ग्रॅमची. एका स्टॉपसाठी जवळजवळ दुप्पट वजन. मिररलेसच्या, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांच्या काळात हे थोडं हलकं झालं. सोनीची पहिली ७०-२०० एफ/२.८ जीएम १,४८० ग्रॅमची होती, २०२१ ची दुसरी १,०४५ ग्रॅमची. टॅमरॉनने सोनी माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडते ती जागा) ७०-१८० एफ/२.८ काढली ती ८१० ग्रॅमची, पण त्या पहिल्या आवृत्तीत लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर झाकायची सोय नव्हती आणि शेवटचे वीस मिलिमीटर सोडून द्यावे लागले. माझी बॉडी डीएसएलआर, त्यामुळे हे हलके पर्याय माझ्यासाठी नव्हतेच. बॉडीसकट सगळं बदलायचा विचार मनात येऊन गेला, आणि खर्चाची बेरीज केल्यावर निघूनही गेला.

मग तीन लेन्स प्रत्यक्ष वापरून पाहिल्या. एक उसनी, दोन भाड्याने. भाड्याने लेन्स घेणं ही मला या सगळ्यातली सगळ्यात पैसा वसूल गोष्ट वाटली, कारण दुकानाच्या काउंटरवर उभं राहून समोरच्या भिंतीचा फोटो काढून काहीही कळत नाही. भिंत तुमच्याकडे धावत येत नाही.

पहिली ७०-२०० एफ/४. एका ओळखीच्यांची, हलकी, धारदार, हातात धरायला सुख. नाटकात तिने चांगलं काम केलं. हॉलमध्ये १/२५० च्या आसपास अडकले. दुधाची तहान ताकावर भागवायची तयारी असेल तर ही लेन्स आयुष्यभर साथ देईल, आणि ज्यांचे खेळ दिवसा उघड्यावर होतात त्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. माझा निम्मा खेळ छपराखाली.

दुसरी ८५ मिमी एफ/१.८ प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. हिने मला खरोखर पेचात टाकलं. एफ/२.८ पेक्षा स्टॉप आणि वर एक तृतीयांश जास्त प्रकाश, वजन मोठ्या झूमच्या एक तृतीयांशाहून कमी, किंमत तर कितीतरी कमी. बॅडमिंटनला बाजूच्या बाकावरून ती अशी बसली की जणू त्या कोर्टासाठीच बनवली आहे. १/१००० सहज. लांबून कुणी बघतही नाही, कारण लेन्स लहान. पण नाटकात दिग्दर्शक माणसांना एका जागी ठेवत नाही. एक पात्र एकटं बोलतंय तोवर आणखी तिघं विंगेतून येतात, आणि ८५ मध्ये आता दोघांचे हात कापले जातात. उलट, पलंगावर पडलेल्या म्हातारीचा चेहरा हवा असतो तेव्हा ८५ अपुरी. बसल्या जागेवरून पाय हलवता येत नाहीत, तिथे झूमच लागतो. तरीही सांगते, खिशाला मर्यादा असेल आणि मुख्य गरज बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, टेबल टेनिस अशा छोट्या कोर्टांची असेल, तर महागड्या झूमच्या मागे न लागता ही एक प्राइम घ्यावी. लोक तिला पोर्ट्रेटची लेन्स म्हणून बाजूला ठेवतात, ते चूक आहे.

तिसरी ७०-२०० एफ/२.८, भाड्याने. हिच्याकडून मला फक्त प्रकाश हवा होता. मिळालं त्याहून जास्त, आणि ते फोकसमध्ये. डीएसएलआरमध्ये फोटो काढायच्या क्षणापर्यंत लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच असतं. फोटो तुम्ही एफ/५.६ वर काढणार असलात तरी फोकसच्या सेन्सरला एफ/२.८ चा प्रकाश मिळतो. शिवाय बऱ्याच बॉडींमध्ये मधले काही फोकस पॉइंट एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या लेन्सवर जास्त अचूक चालतात. काळा पडदा, काळा कोट, अर्धा अंधार अशा प्रवेशात माझी जुनी लेन्स पुढे-मागे चाचपडत राहायची. ही एकदा धरली की धरली. बाजूला फोकस लिमिटरचं बटण होतं. ते लावलं की लेन्स जवळच्या अंतरांत शोधतच नाही, मग पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर फोकस जाऊन परत येईपर्यंत संवाद संपलेला असतो, तो प्रकार टळतो.

चाचणी मी एकच घेतली, आणि तीच सगळ्या लेन्सवर. सलग फोकस मोड, लेन्स सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला, आणि मुलीला सांगितलं की बेसलाइनकडे सरळ माझ्या दिशेने ड्रिबल करत ये. बाजूने धावणारा खेळाडू कोणतीही लेन्स पकडते. अंगावर येणारा पकडताना मोटरचा कस लागतो. सलग फोटोंच्या प्रत्येक मालिकेत डोळे धारदार असलेले किती आणि कानांवर किंवा जर्सीच्या आकड्यावर फोकस गेलेले किती, हे पडद्यावर शंभर टक्के मोठं करून मोजलं. एफ/२.८ ची यात सरळ सरशी झाली. ८५ ही फार मागे नव्हती. मुलीने तेवढ्यात सराव झाल्याचं सांगून घरी जायची परवानगी मागितली.

एफ/२.८ ची दुसरी बाजूही त्याच तालमीत दिसली. १० मीटरवर, २०० मिमी, एफ/२.८ ला क्रॉप सेन्सरवर जेवढी खोली धारदार येते ती साधारण २८ सेंटिमीटर. फुल फ्रेमवर ४२. म्हणजे पुढे उभी असलेली नायिका धारदार, तर तिच्या खांद्यामागे दोन पावलांवर उभा असलेला, आणि प्रवेशात तेवढाच महत्त्वाचा असलेला भाऊ पुसट. खेळात हीच पुसट पार्श्वभूमी हवी असते, कारण मागे फलक, पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल बघणारे पालक असतात. नाटकात दोन चेहऱ्यांचं नातं दाखवायचं तर एफ/४ नाहीतर एफ/५.६ वर जावंच लागतं. तिथे स्टॅबिलायझेशन कामी येतं. नट बोलताना फारसा हलत नाही, थांबतो, बघतो. अशा विरामात १/१०० ला देखील स्वच्छ फोटो मिळतो, फक्त आपला हात हलता कामा नये. क्रॉप कॅमेऱ्यावर २०० मिमी हातात धरून, स्टॅबिलायझेशनशिवाय, १/३०० च्या खाली जायला मी घाबरते. एसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आणली ती कॅननने, १९९५ मध्ये, ७५-३०० मिमी झूमवर. आज तिचा उल्लेख जाहिरातीत इतक्या मोठ्या अक्षरांत असतो की नवख्याला वाटतं, तीच खेळाडूला गोठवते. ती आपला हात गोठवते, खेळाडूला नाही. हॉलमध्ये १/५०० च्या वर मी ती बंदच ठेवते.

नृत्य या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतं. मैत्रिणीच्या नाटकात एक लांबलचक नाच होता, त्यात गिरकीला १/५०० लागला आणि गिरकीनंतरच्या स्तब्ध मुद्रेला १/२०० पुरला. नाच दोनदा बघितला की स्तब्धता कुठे येते ते कळतं. तिथेच क्लिक करायचं.

लेन्सने न सुटणारे प्रश्नही याच काळात कळले, आणि ते आधी माहीत असलेले बरे, नाहीतर नव्या लेन्सला उगाच दोष दिला जातो. हॉलमधले बरेचसे दिवे विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० च्या विजेवर १२० वेळा. डोळ्याला ते दिसत नाही. १/१००० ला मात्र सलग काढलेल्या पाच फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळट असं येतं. काही कॅमेऱ्यांत हे ओळखून उजेडाच्या शिखरावर शटर सोडायची सोय असते. कॅननने ती २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये दिली होती. माझ्यात नाही, म्हणून मी जास्त फोटो काढते आणि काळपट उडवते. मिररलेसवाल्यांचं इलेक्ट्रॉनिक शटर नाटकात शांततेसाठी वरदान, पण काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोवर आडवे पट्टे येतात, तेव्हा प्रयोगाआधी एकदा तपासून घ्यावं.

रंगमंचावरचा निळा आणि लाल एलईडी प्रकाश हा आणखी एक त्रास. एकूण उजेड कमी वाटतो, पण एकच रंग सेन्सरवर काठोकाठ भरून वाहतो आणि चेहऱ्याचा सपाट निळा डाग होतो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, हे लपवतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा आणि एक्स्पोजर कमी ठेवावं. काळ्या पडद्यासमोर कॅमेऱ्याचा स्वयंचलित मीटर सगळं उजळ करायला धावतो, आणि स्पॉटमधला चेहरा पांढराफटक होतो. मी मॅन्युअल एक्स्पोजर लावते, प्रकाश बदलला की एक चाक फिरवते, फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवा बंद. मागचा पडदाही बंद. अंधारात तो पेटला की मागच्या रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडतंच.

तर ७०-२०० एफ/२.८. नवी परवडणारी नव्हती, म्हणून आधीच्या पिढीची, वापरलेली शोधली. इथे घाई करू नये. पहिली जी बघितली ती बाहेरून चकाचक होती, पण दूरच्या दिव्यांचे फोटो काढून चारही कोपरे ताडून पाहिले तर डावी बाजू एफ/२.८ ला सतत मऊ. कधीतरी पडली असणार. विकणारा म्हणाला, ‘‘ताई, मधोमध बघा ना, किती शार्प आहे.’’ मी नमस्कार केला आणि निघाले. दुसरी दिसायला खरचटलेली होती, हूडचा रंग उडालेला, आणि काचा निर्मळ. टॉर्च मागून तिरपा मारून बुरशीचे धागे आणि धुकटपणा बघितला. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना ते बघितलं. फोकस अगदी जवळून अगदी लांब असा पुन्हा पुन्हा पळवला आणि मोटरचा आवाज ऐकला. कुरकुर किंवा मधेच अडखळणं हे दुरुस्तीचं आमंत्रण असतं. झूमची रिंग मधे कुठे अडते का, माउंट डुगडुगतो का, ट्रायपॉडची कॉलर घट्ट बसते का, स्टॅबिलायझेशन चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतं की नाचतं, सगळं सावकाश. घरी आणल्यावर बॉडीतल्या फोकसच्या सूक्ष्म जुळवणीत थोडा फरक द्यावा लागला, ते डीएसएलआरवर अपेक्षितच. दुसऱ्या कंपनीची जुनी लेन्स घेणार असाल तर ती तुमच्या नेमक्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माउंट जुळला म्हणजे फोकस जुळेलच असं नाही.

वापरायला लागल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. ७०-२०० हा पल्ला ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमसाठी जन्मलेला आहे. क्रॉपवर तो १०५-३०० सारखा वागतो, आणि पाचव्या रांगेतून अख्खा रंगमंच कधीच मावत नाही. क्रॉप सेन्सरसाठी खास ५०-१५० च्या आसपासच्या एफ/२.८ लेन्स निघाल्या आहेत. सिग्माची होती, फुजीफिल्मची ५०-१४० आहे. मायक्रो फोर थर्ड्समध्ये, म्हणजे आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, ३५-१०० एफ/२.८ तर ४०० ग्रॅमच्याही आत बसते. आज शून्यातून सुरुवात करणाऱ्या आणि मुख्यतः नाटक-नृत्य टिपणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी बॉडी न बघता आधी हा पल्ला कोणाकडे आहे ते बघायला सांगेन. माझ्याकडे त्याला उपाय म्हणून जुनी, जास्त रुंद दृश्य घेणारी किट लेन्स दुसऱ्या, त्याहून जुन्या बॉडीवर मांडीवर पडलेली असते. शेवटचा नमस्कार तिच्यावर काढते. त्या वेळी रंगमंचावर सगळे दिवे लागलेले असतात, एफ/५.६ चालून जातं.

मनगटाची सवय व्हायला वेळ लागला. दीड किलो लेन्स आणि वर बॉडी, दोन तासांच्या सामन्यात हात थरथरायला लागतात. मोनोपॉड घेतला, आणि तो लेन्सच्या कॉलरला लावला, बॉडीला नाही. नाहीतर सगळा भार माउंटवर येतो. बेसलाइनमागे मात्र मोनोपॉड नको, खेळाडू अंगावर येतात तेव्हा पाय आवरून पटकन बाजूला व्हावं लागतं.

राहिला फुटबॉल. त्यासाठी १.४ पटीचा टेलीकन्व्हर्टर घेतला, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी जोडकाच. एक स्टॉप जातो आणि लेन्स ९८-२८० एफ/४ होते; दिवसाच्या सामन्याला एफ/४ म्हणजे चंगळ. फोकस किंचित मंदावतो, धारही थोडी कमी होते, एफ/५.६ वर भरून येते. दोन पटीचा वापरून पाहिला आणि परत केला. संध्याकाळच्या दिव्यांत कन्व्हर्टर काढून ठेवते आणि गोललाइनच्या मागे, कॉर्नरच्या झेंड्यापासून थोडं आत येऊन बसते. हल्ला याच बाजूला आला तर खेळाडू २० मीटरवर असतात, १४५ मिमी पुरतात. पलीकडच्या गोलवर काय चाललंय ते मी नुसतं बघते. तिकडे गोलकीपरचे बाबा त्यांचा कॅमेरा घेऊन बसलेले असतात. सामना संपला की आम्ही फोटोंची अदलाबदल करतो.